सोड्याच्या पेल्यातलं बोंड

ट्वायला स्टॅम्पर पहाटे पाचला घर सोडायची, तेव्हा तिच्या अंगणातल्या कळ्या मिटलेल्या असत. ती संध्याकाळी परत यायची, तेव्हा फुलं संपलेली असत.

डे-लिलीचं फूल एकच दिवस टिकतं. सकाळी उमलतं, संध्याकाळी चोळामोळा होतं. लाल फुलं तर केंटकीच्या उन्हात दुपारीच वितळतात, मेणासारखी. अंगणभर फुलं लावणाऱ्या या बाईने आठवड्यातले सहा दिवस स्वतःचं एकही फूल धड पाहिलेलं नव्हतं.

बेकर्स फेरी गावाबाहेरच्या कारखान्यात ती गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायची. तिथेच तरुणपण गेलं, तिथेच केस पांढरे झाले. तिच्या पायाला भिंगरी होती. कॉफी उभ्यानेच प्यायची. फोनवर बोलताना घरभर फिरायची. पहिल्या नवऱ्याने घटस्फोटाच्या वेळी न्यायाधीशासमोर सांगितलं होतं म्हणे, की ही बाई जेवतानाही बसत नाही. दुसऱ्याने काहीच सांगितलं नाही. तो नुसता दमून गेला.

आणि अशा बाईने छंद कुठला धरावा? ज्यात वाट पाहण्याशिवाय दुसरं काही नसतं तो. या वर्षी एका फुलाचा पराग दुसऱ्याला लावायचा. बोंड पिकायची वाट पाहायची. बी पुढच्या वसंतात पेरायचं. मग दोन-तीन उन्हाळे नुसती पानं बघायची. शेवटी फूल येतं, आणि बहुतेक वेळा ते आईबापांपेक्षाही सामान्य निघतं. ते उपटून खताच्या ढिगावर टाकायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

तिला एकच गोष्ट हवी होती. कामावरून आल्यावर उमलणारं लाल फूल.

संध्याकाळी उमलणारी एक जात असते. लिंबासारखी पिवळी, बारीक पाकळ्यांची, वासाची. तिच्याशी लाल फुलाचा संकर करायचा, तर लालाचा पराग सकाळीच मिळणार, आणि सकाळी ट्वायला शिलाईच्या मशीनवर. म्हणून शेजारचे डेल्बर्ट कॉम्ब्स मदतीला आले. ते शाळेच्या बसचे निवृत्त ड्रायव्हर. रोज सकाळी कुंपण ओलांडून यायचे, चिमट्याने लाल फुलांचे परागकोश तोडायचे आणि औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत घालून स्वतःच्या फ्रिजमध्ये ठेवायचे.

"मिस्टर डेल्बर्ट, माझा माल झाला का?" ती गाडीतून उतरतानाच ओरडायची.

"लोण्याशेजारी आहे. आज टोस्टला लावणारच होतो."

"लावायचा होता. तुम्हीही उमलला असता."

"या वयात? एवढ्या उशिरा उमललं की बोंड धरत नाही, पोरी."

पहिल्या पिढीतली फुलं गंजलेल्या पत्र्याच्या रंगाची निघाली. तिने त्यांचाच आपसांत पुन्हा संकर केला. वर्षं गेली. खताचा ढीग वाढला.

मग गेल्या वर्षीच्या जुलैत एका संध्याकाळी ती डबा हातात घेऊन गाडीतून उतरली. टपालपेटीजवळच्या वाफ्यात एक कळी सुटत होती. लाल. पिकल्या चेरीसारखी, आत पिवळा घसा. पाकळ्या तिच्या डोळ्यांदेखत मागे वळल्या. ट्वायला उभी राहिली. गाडीचं दार उघडंच राहिलं. डेल्बर्ट नंतर सगळ्यांना सांगायचे, फुलाचं मला काही नाही, पण ही बाई उभी राहिलेली मी पहिल्यांदा पाहिली.

त्या वर्षी त्या रोपाने बोंड धरलं नाही. या वर्षी एकच धरलं.

तिथल्या लिली मंडळाचं प्रदर्शन सकाळी असतं. नऊच्या आत फुलांचे दांडे बाटलीत लावायचे, दुपारपर्यंत निकाल. ट्वायलाने रजा काढली आणि एक दांडा घेऊन गेली. रात्रभर उमललेलं फूल तोवर मान टाकून बसलं होतं.

मंडळाच्या अध्यक्ष मिस प्रॅथर चष्मा सारून वाकल्या. "हनी, हे कालचं फूल आहे."

"कालचंच आहे. ते संध्याकाळी उमलतं."

"लाल फूल? संध्याकाळी?"

मागून कोणीतरी म्हणालं, "ट्वायलाचं फूल रात्रपाळीला आहे. ओव्हरटाइम मिळतो त्याला." सगळे हसले. ट्वायलाही हसली. मग बाटली उचलून बाहेर पडली.

मिस प्रॅथर तिच्यामागे गाडीपर्यंत आल्या. "एक फुटवा मला दे. माझ्या ओसरीसमोर लावते. पुढच्या उन्हाळ्यात संध्याकाळी खुर्ची टाकून बसेन. तू म्हणतेस तसं झालं, तर मंडळात मी उभी राहून सांगेन. पण सप्टेंबरात दे, हं. आत्ता नको."

ऑगस्टच्या दमट उकाड्यात मुळांचा गड्डा कापायचा नसतो. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कापलेली जागा सुकत नाही, तिथून सड लागते. डेल्बर्टही म्हणाले, "बोंड उतरू दे. मग काय कापायचं ते काप."

ट्वायला चार दिवस थांबली. पाचव्या दिवशी कामावरून आली, कपडेही बदलले नाहीत, आणि रोप उकरलं. दोनच फुटवे होते. एकावर बोंडाचा दांडा. स्वयंपाकघरातल्या सुरीने तिने गड्डा मधोमध कापला. दांड्याचा फुटवा परत लावला. दुसरा ओल्या कागदात गुंडाळून त्याच संध्याकाळी मिस प्रॅथरच्या दारात नेऊन दिला. त्यांनी फुटव्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि तो घेतला.

त्या रात्री पाऊस झाला. मग आठवडाभर होत राहिला.

आधी बाहेरची पानं पिवळी पडली. मग मधली. तिने हलकेच ओढून पाहिलं. अख्खा फुटवा हातात आला. खाली तपकिरी चिखल, आणि तो वास. एकदा ज्याने घेतला, तो विसरत नाही. तिने गड्ड्याचा एखादा पांढरा तुकडा तरी उरलाय का, ते बोटांनी चाचपलं. नव्हता.

दुसऱ्या दिवशी मिस प्रॅथरचा फोन आला. "माझ्याकडचाही गेला, हनी." एवढंच. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता त्या लाल फुलाचं जगात उरलं होतं ते एक बोंड. आवळ्याएवढं, हिरवं. दांडा मात्र अजून ताठ होता. डेल्बर्टनी तो खालून तिरका छाटला आणि साखरेच्या पाण्यात उभा केला.

"पाणी रोज बदल. दांड्यात जीव आहे तोवर बोंड पिकत राहील."

"किती दिवस?"

"दोन आठवडे. तीन. त्याला वाटेल तेव्हा."

"आणि आत्ता फोडलं तर?"

"पांढरे दाणे निघतील. कोंबड्याही खाणार नाहीत."

घरी ठेवावं, तर मांजर. डेल्बर्टकडे ठेवावं, तर दिवसभर जीव टांगणीला. म्हणून ती ते कामावर घेऊन गेली. कारखान्यात काचेला बंदी. मग तिने पेट्रोल पंपावर मिळतो तो सोड्याचा मोठा कागदी पेला घेतला, त्यात पाणी भरलं आणि झाकणातल्या नळीच्या भोकातून दांडा आत सोडला. अगदी मापाचं भोक. डब्याच्या खोलीत, खिडकीशी, ते बोंड दिवसभर उभं राहायचं. आणि ट्वायला चहाच्या सुट्टीत, जेवणाच्या सुट्टीत, लघवीचं निमित्त करून तिथे.

फोर्कलिफ्ट चालवणारा डिऑन पहिल्या दिवशी म्हणाला, "बाई, तुझ्या सोड्याला कोंब फुटलाय."

"हात लावू नकोस."

"मी कशाला लावू? पण तूच त्याला सारखी हात लावतेस. माझी आई म्हणते, भातावरचं झाकण सारखं उचलणाऱ्याला कच्चाच भात मिळतो."

हळूहळू खोलीतले सगळेच बघायला लागले. कधी फुटेल यावर डोनटच्या पैजा लागल्या. कोणी पेल्यावर मार्करने डोळे काढले, कोणी मिशा.

सप्टेंबर लागला. बोंडाचा रंग उतरला. हिरव्याचं पिवळट झालं, शिरा उठून दिसायला लागल्या. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत खोलीत कोणी नव्हतं. ट्वायलाने बोंड दोन बोटांत धरलं. थोडं दाबलं. टोकाशी तीन शिवणी जुळतात, तिथे तिने अंगठ्याचं नख टेकवलं. नुसतं बघायला. आत काळं आहे की पांढरं, एवढंच.

"हात काढ," दारातून डिऑन म्हणाला.

"बघत होते फक्त."

"नखाने?"

तिने हात खाली घेतला. नखाची एक बारीक रेघ बोंडावर उमटली होती. ती त्या रेघेकडे बघत राहिली. गड्ड्यावर स्वयंपाकघरातली सुरीही अशीच टेकवली होती तिने. नुसती थोडी.

शनिवारपासून कामगार दिनाची तीन दिवस सुट्टी होती; अमेरिकेत तो सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी असतो. ते तीन दिवस, ते बोंड, आणि तिचे हात.

"डिऑन, हे तू घेऊन जा."

"मी? माझ्याकडे निवडुंगसुद्धा मरतो."

"जगवायचं नाहीये. नुसतं माझ्यापासून लांब ठेव. आणि पाणी बदल."

त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि चेष्टा गिळली. "आईकडे देतो. तिच्या नजरेतून माशी सुटत नाही."

शनिवारी ट्वायलाने छपराच्या पन्हाळी साफ केल्या. त्या स्वच्छच होत्या. रविवारी टपालपेटीजवळ मोठा खड्डा खणला.

"कुणासाठी?" कुंपणावरून डेल्बर्टनी विचारलं.

"कुणासाठी नाही."

"मग बुजव. रात्री माझाच पाय जायचा त्यात."

तिने बुजवला. संध्याकाळी पुन्हा खणला.

सोमवारी उन्हं उतरल्यावर ती गाडी काढून निघाली. दूध आणायला, असं स्वतःला सांगून. दुकान उजवीकडे होतं, ती डावीकडे वळली. डिऑनच्या गल्लीतून एकदा गेली. पुन्हा गेली. तिसऱ्यांदा जाताना एका ओसरीवरून खणखणीत आवाज आला.

"ए निळ्या गाडीवाली! पेट्रोल फुकट मिळतं का तुला? ये वर!"

डिऑनची आई, मिस अर्नेस्टाइन, झुलत्या खुर्चीत बसली होती. डिऑन मागे दारात उभा राहून हसत होता. कठड्यावर तो मिशीवाला पेला, आणि बोंडाला जुन्या पायमोज्याचा जाळीदार तुकडा बांधलेला.

"मोजा कशाला?" ट्वायलाने पायरीवरूनच विचारलं.

"बी उडू नये म्हणून. भेंडीचं बी मी साठ वर्षं धरतेय, पोरी. मला शिकवू नकोस. याने मला तीन दिवस राखणीला बसवलं. काल चर्चलाही गेले नाही. देवाला सांगितलं, एका बाईच्या हातांपासून एका बोंडाला वाचवतेय, समजून घे."

"फुटलं?"

"दुपारी. मी डुलकी काढत होते तेव्हा. लाजाळू आहे."

ट्वायलाने गाठ सोडली. बोंड तीन ओठांनी उघडलं होतं. तिने ते तळहातावर उलटं केलं. मिऱ्यांएवढ्या बिया, काळ्या, चकचकीत. काही चपट्या, पोकळ. तिने एकेक बी चिमटीत दाबून पाहिली. मऊ ती टाकली. टणक त्या राहिल्या. तळहाताच्या खळग्यात मावतील एवढ्याच.

तिने त्या बोटाने मोजल्या, आणि पुन्हा मोजल्या.

"कसलं फूल येतं याला?" मिस अर्नेस्टाइनने विचारलं.

"लाल. संध्याकाळी उमलतं. निदान यांच्या आईचं उमलायचं. आता ती नाही."

"संध्याकाळी?" म्हातारीची खुर्ची थांबली. "मी तर ओसरीवर येते तीच उन्हं उतरल्यावर. दिवसा डोळ्यांना सोसत नाही. इथे समोर पोरांच्या बायकांनी काय काय लावलंय. मी येईपर्यंत सगळं झोपलेलं."

ट्वायलाने तळहाताकडे पाहिलं. मागे एका वसंतात कोंब आला का ते बघायला तिने माती उकरली होती, तीही एकदाच नाही. ते कोंब मेले होते. तिने बियांचे दोन भाग केले. मग मोठ्या भागात आणखी एक सरकवली आणि तो मोठा भाग म्हातारीच्या ओंजळीत ओतला.

"या तुम्ही ठेवा. ओल्या कागदात, फ्रिजच्या भाजीच्या खणात. मार्चमध्ये पेरायच्या."

"एवढ्या? तुझ्याकडे का नाही?"

"मी उकरून बघेन."

मिस अर्नेस्टाइन खोकला येईपर्यंत हसली. डिऑनने पाणी आणून दिलं.

"आणि फूल कधी?"

"दोन उन्हाळे. तीनही लागतील."

"मी ब्याऐंशीची आहे, ठाऊक आहे?"

ट्वायलाचा चेहरा उतरला. "तसं असेल तर..."

"तसं काही नाही. मला कुठे जायचंय? घाई तुला आहे." म्हातारीने ओंजळ मिटून मांडीवर ठेवली. "बस जरा. दूध कुठे पळून जात नाही."

"मी दुधाला चालले होते हे तुम्हाला कसं..."

"या गल्लीत तीनदा चकरा मारणारी प्रत्येक बाई दुधालाच चाललेली असते."

ट्वायला पायरीच्या कडेवर बसली. उरलेल्या बिया तिने मुठीत धरल्या. समोरच्या घरांवरची उन्हं गेली, कोणाच्या तरी अंगणातली पिवळी लिली मिटली, आणि तिचा गुडघा खालीवर व्हायला लागला.

"पाय हलवू नकोस," वरून मिस अर्नेस्टाइन म्हणाली. "ओसरी हलते. पेला पडेल."

पेल्यात आता रिकाम्या बोंडाचा वाळका दांडा तेवढा होता. ट्वायलाने गुडघ्यावर मूठ दाबून धरली. मुठीखाली गुडघा हलतच राहिला.