विंगेतला गाऊन आणि मीठ-मोहऱ्या

शो बंद होऊन काही वर्षं झाली, तरी त्याच्या टिकल्या अजून माझ्या पर्समध्ये सापडतात, मुलीच्या दप्तरात सापडतात, एकदा तर पोळीत सापडली! किस्स्यांचंही तसंच. झटकावेत तेवढे थोडेच.

सिंगापुरातल्या एका कॅबरे शोमध्ये मी वॉर्डरोब सांभाळायचे. पहिल्या दिवशी रॅकवर बघते तर नुसती पिसं आणि नाड्या. मी आमच्या हेड मे-लिंगला विचारलं, "बाकीचे कपडे लाँड्रीत गेलेत का?"

ती आपल्या सिंगापुरी ठसक्यात म्हणाली, "बाकीचे कुठले? हेच ऑल, लाह!"

*

कपडे नाहीत तर वॉर्डरोबला काम काय, असं सगळेच विचारायचे. अहो, कपडे नसले की काम दुप्पट! स्टेजवर जे उघडं दिसायचं त्यातलं निम्मं अंगाच्या रंगाची जाळी असायची. आणि दुकानातला 'अंगाचा रंग' म्हणजे गोऱ्या बाईच्याच अंगाचा. आमच्यात तर सगळ्या छटा! शेवटी मी खालच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या टपरीवरून चहा आणि कोपी, म्हणजे तिथली कॉफी, आणून जाळ्या त्यात उकळल्या. तेव्हापासून हँगरवर माणसांची नावं नव्हती, छटांची होती. बिनदुधाची कोपी, दुधाची कोपी, बिनदुधाचा चहा.

*

जेसन नावाचा आमचा डान्सर नुसत्या एका पिसांच्या पंख्यानिशी स्टेजभर फिरायचा. पण मोजे काढायला सांगितले की लाजून चूर!

"बाकी सगळं बघा," म्हणायचा, "पाय नको. पाय फार कुरूप आहेत माझे."

*

सोफिया आमची स्टार. ब्राझीलची, एकटी राहायची. एकदा टॅम्पिनीसला एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, तिनं मला हाक मारली. जीन्स, चष्मा, हातात भाजीची पिशवी. मी आपली बघतेच आहे! मग पेटली ट्यूब आणि मी मोठ्यांदा म्हणाले, "सॉरी गं, कपड्यांत ओळखलंच नाही!"

अख्ख्या डब्यानं मोबाईलमधून माना वर काढल्या.

*

मला त्या कामानं खूप दिलं. आपल्या अंगाची लाज बाळगत मी चाळिशी गाठली होती, ती या पोरांनी घालवली. म्हणूनच कोल्हापूरहून सासूबाई राहायला आल्या तेव्हा मी त्यांना 'स्टेजचे कपडे शिवते' एवढंच सांगितलं. नवऱ्यानं आधीच बजावलं होतं, "आईला कळलं तर नोकरी सोडायला लावेल हं." आणि आईंचा शब्द आमच्या घरात कुणी मोडत नाही.

आई मात्र हट्टालाच पेटल्या. "रोज शिवतेस तरी काय, बघू दे की!" रविवारी दुपारच्या शोला आल्याच. मी त्यांना विंगेत खुर्ची दिली आणि देवाचं नाव घेतलं.

नाचाचा नंबर संपला. टाळ्यांच्या कडकडाटात सोफिया विंगेत आली. दोन पिसं होती, तीही तिनं येता येता फेकली. मी गाऊन पसरून उभी होते, नेहमीसारखी. तेवढ्यात आई उठल्या. माझ्या हातातला गाऊन घेतला, तिच्याभोवती गुंडाळला, वर बंदही बांधला.

"हिची आई कुठाय गं?"

"ब्राझीलला, आई."

"आणि इथं हिची दृष्ट कोण काढतं?"

मी मान हलवली, कुणीच नाही.

"एवढ्या लोकांनी डोळे भरून बघितलं पोरीला, आणि दृष्ट काढायला एक माणूस नाही तुमच्याकडं?" म्हणत आईंनी तिच्या चेहऱ्यावरून हात फिरवले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. सोफियाला काय कळलं देव जाणे, ती आईंच्या गळ्यात पडून रडायला लागली.

परतताना टॅक्सीत आई बोटांवर काहीतरी मोजत होत्या. आता नोकरी गेलीच म्हणून मी खिडकीबाहेर बघत बसले.

घर आलं तशा म्हणाल्या, "पुढच्या रविवारी मीठ-मोहऱ्या घेऊन येते. नुसत्या बोटांनी एवढ्यांचं भागायचं नाही."

पुढच्या रविवारी शो संपला, आणि विंगेत आईंच्या खुर्चीसमोर ही रांग! सगळ्यात पुढं जेसन. मोजे काढून.