दाजींचा गडी पडत नाही

आमच्या दाजींइतके यंत्रमानव सांभाळलेला माणूस अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि मी तर म्हणतो मराठवाड्यातही सापडायचा नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. अणदूरच्या शिवारात ऊस, थोडी ज्वारी, दारात दोन म्हशी, आणि टीव्हीखालच्या फळीवर धुतलेल्या टॉवेलात गुंडाळलेली गेमची यंत्रं. जपानात एक गेमची मालिका निघते, कितीतरी वर्षं चाललेली, तिचे जुने-नवे भाग दाजींनी देवाचे टाक जपावेत तसे जपलेत. तिकडच्या कार्टूनच्या निरनिराळ्या गोष्टी, प्रत्येक गोष्टीत तीन मजली, पाच मजली लोखंडी यंत्रमानव आणि आत बसून तो चालवणारा माणूस. एकाने दुसऱ्याच्या गोष्टीत कधी पाऊल टाकलेलं नसतं. या गेममध्ये मात्र त्या सगळ्यांना गोळा करून एकाच फौजेत उभं करायचं. पडद्यावर चौकटी असतात. आधी आपली पाळी, आपला एकेक गडी हलवायचा. मग शत्रूची पाळी. घाईगर्दीचं काम नाही. वरातीत नाचणाऱ्यांचं नव्हे, मांडवात बसून ठरवणाऱ्यांचं काम.

यात दाजींचा एकच कायदा. आपला एकही गडी पडू द्यायचा नाही. गेमच्या नियमात पडलेला गडी थोडे पैसे भरले की दुरुस्त होऊन पुढच्या लढाईला हजर होतो. दाजींना ते मंजूर नाही. "पैसं भरल्यावर उभा ऱ्हातोय, म्हणून काय पडू द्यायचा व्हय?" एक जरी पडला तरी दाजी सेव्ह केलेल्या जागी मागं जातात आणि अख्खी लढाई पहिल्यापासून लढतात, मग भाकरी गार होवो की म्हशी हंबरोत. हे पडद्यावर होतं तोवर ठीक होतं. गेल्या हुरड्याच्या दिवसांत त्यांच्या शिवारात ऊस पेटला आणि त्यांचा सख्खा थोरला भाऊ धुरात एकटा सापडला. पण त्या दोन भावांचं आधी सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

दाजी लग्नाआधी पुण्याकडे कंपनीत होते, तिथल्या खोलीतल्या जोडीदाराने जाताना त्यांना हे वेड देऊन ठेवलं. गेम सगळा जपानी अक्षरांत. दाजींना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून त्यांनी यंत्रमानवांची बोलणी स्वतःच रचली, तीही अणदूरच्या भाषेत. शिंगं असलेला पांढरा यंत्रमानव त्यांनी मोठा मानकरी ठरवला होता आणि त्याच्याशी ते अहो-जाहो करत. पुढं एक भाग इंग्रजीत आला, तेव्हा कळलं की त्या शिंगवाल्याच्या आत बसणारा शाळकरी पोरगा आहे. दाजी दोन दिवस जेवले नाहीत म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण कमी जेवले. मला म्हणाले, "पाव्हणं, विंग्रजी आलं आन् चव गेली बगा. आता त्येंचं त्येंनाच बोलता यायलंय."

त्याच फौजेत एक तपकिरी धिप्पाड यंत्रमानव होता. चालायला मंद, नेम वाईट, पण मार खाऊन जागचा हलायचा नाही. त्याचं नाव दाजींनी ठेवलं होतं अप्पा. अप्पा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. या गेममध्ये दोन गडी शेजारच्या चौकटीत उभे असले की एकमेकांच्या मदतीला धावतात, एकावरचा वार दुसरा झेलतो. त्यामुळं दाजींचा सगळा भर शेजारावर. कोणत्याही लढाईत अप्पा त्यांच्या स्वतःच्या यंत्रमानवाच्या शेजारच्या चौकटीत. ही शिस्त त्यांनी घरातही आणली. खंडोबाच्या यात्रेला निघालो की गर्दीत आम्हाला रचून उभं करायचे, गुडघे दुखणारी त्यांची आत्या मध्ये, अक्का तिच्या डाव्या हाताला, मी सगळ्यांत पुढं. मी विचारलं, मीच पुढं का? "तुमी मार झेलताव," दाजी म्हणाले, "अंगानं हाव न्हवं भरलेलं." मी तसाच पुढं चालत गेलो, करणार काय!

पण खऱ्या अप्पांशी मात्र दाजींचं बोलणं बंद होतं. घरं एका भिंतीची, विहीर सामाईक, आणि बोलणं नाही! भांडण त्या विहिरीवरूनच. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या, एक दिवस याचा, एक दिवस त्याचा. ऐन उन्हाळ्यात एकदा दाजींची पाळी संपली तेव्हा पडद्यावर एक गडी मरायला टेकला होता. दाजी उठले नाहीत. मोटार तशीच चालू राहिली, अप्पांच्या पाळीचं पाणी दाजींच्या उसात गेलं, आणि अप्पांची कांद्याची रोपं माना टाकून बसली. अप्पा दारात आले तेव्हा दाजी म्हणाले, "अप्पा, थांबा जरा, ह्यो एक गडी वाचवतो." हे वाक्य अप्पांना जे लागलं ते लागलं. सख्ख्या भावाच्या रोपापेक्षा टीव्हीतलं लोखंड याला जवळचं! त्या दिवसापासून अप्पांनी त्या दाराकडे पाहिलं नाही. अक्काने दोघांनाही झापून पाहिलं. "अरे, आपला खंडोबा अणदूर-नळदुर्ग दोन गावांत वाटून राहतोय, करार करून, आन् तुमा दोघांना एक हीर वाटून घेता येत न्हाय?" दोघांनी ऐकलं आणि दोघे दोन दिशांना निघून गेले. दाजी मात्र माफी मागायच्या ऐवजी रोज संध्याकाळी तपकिरी अप्पांना सांभाळत बसायचे. असला उफराटा माणूस! मी म्हणायचो, दाजी, भिंतीपलीकडं चार पावलं जा की. ते म्हणायचे, "जाऊ वो. पाळी आली म्हंजे जाऊ."

त्या दिवशी मी हुरडा खायला शेतात गेलो होतो. दुपार कलली होती, पश्चिमेचं वारं सुटलेलं. आगटीवरून कणसं निघत होती आणि मी चटणीच्या वाटीत बोट घालणार तेवढ्यात अक्का म्हणाली, "त्यो धूर कुठला रं?" ओढ्याच्या पलीकडून काळा धूर उठत होता. कुणीतरी बांधावरचं पाचट, उसाचा वाळका पाला, पेटवलं होतं म्हणतात; कोण ते अजून कुणी कबूल करत नाही. बघता बघता आग ओढा ओलांडून अलीकडं आली. वाळल्या पाचटाचा फटाक्यासारखा आवाज यायला लागला. आगीच्या वाटेत आधी अप्पांचा ऊस, मग दाजींचा ऊस, आणि त्याच्या पुढं ऊसतोड कामगारांच्या राहायच्या कोप्या. अक्का चप्पल न घालताच कोप्या रिकाम्या करायला पळाली.

आणि आमचे दाजी, ज्यांना मी आयुष्यात कधी घाई करताना पाहिलं नव्हतं, ते मोटारीच्या खोलीच्या पत्र्यावर चढले. तिथून सगळं शिवार दिसतं, बांधांनी आखलेल्या चौकटी-चौकटींचं. त्यांनी मोटार चालू करून पाणी उपसायला लावलं होतं. फोन कानाला लावून त्यांनी आधी सरपंचाला बोलावलं, द्राक्षबागेत औषध फवारायचा ब्लोअर ट्रॅक्टरला जोडून आणायला. मग सरपंचकीला पडलेल्या उमेदवाराला, त्याचा जेसीबी घेऊन. हे दोघे निवडणुकीपासून एका रस्त्याने जात नव्हते. गावात दुसऱ्या कुणाला हे सुचलं नसतं; दाजींना सुचलं, कारण ज्यांच्या गोष्टी वेगळ्या त्यांना एका फौजेत घेण्याची त्यांना सवय! दोघं आले, एकमेकांना बघून थबकले. "भांडणं उद्या!" दाजी पत्र्यावरून ओरडले. "जेसीबी, माझ्या उसात शिरा. बांधाच्या रेघेनं आडवा पट्टा पाडा. सरपंच, तुमी त्येच्या शेजारी ऱ्हावा, पडलेलं पाचट भिजवा. एकट्यानं कुणी हालायचं न्हाय."

"आवो, तुमचा उभा ऊस हाय!" जेसीबीवाला म्हणाला.

"माझाच हाय न्हवं? पाडा."

पट्टा निम्म्याच्या वर पडला होता. धुरानं डोळे चुरचुरत होते, पण मला वाटलं, जमतंय हे. तेवढ्यात दाजींचा हात वरच्या वर थांबला. ते कान देऊन ऐकत होते. आगीच्या आवाजात एक दुसरा आवाज होता, ट्रॅक्टरचा. अप्पांचा. कुणाला न विचारता, कुणाला न सांगता अप्पा रोटाव्हेटर घेऊन एकटेच आपल्या उसाच्या पल्याडच्या बांधाला गेले होते, पाचट मातीत गाडून आग अडवायला. आता आग त्यांच्या दोन्ही बाजूंना पसरली होती आणि वारं धूर आमच्याकडे ढकलत होतं, त्यामुळं ट्रॅक्टर दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता.

दाजींनी फोन लावला. रिंग वाजत राहिली. त्या गदारोळात कोण ऐकतंय! त्यांनी पुन्हा लावला. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि तो चेहरा मी विसरू शकत नाही. एवढा मोठा माणूस, हरवलेल्या पोरासारखा झाला होता. हळूच म्हणाले, "पाव्हणं, हितं सेव्ह न्हाई."

ते पत्र्यावरून खाली उतरले नाहीत, पडले म्हणा, आणि लंगडत सरपंचाच्या ट्रॅक्टरकडं धावले. "सरपंच, आत चला. अप्पाच्या शेजारी जायचंय."

"दोनी बाजूनं पेटलंय, येडा झालाव का?"

"माझा गडी एकटा हाय!" दाजी असे ओरडले की जेसीबीवाल्याने आपलं यंत्र बंद केलं. मग त्याने ते परत चालू केलं, तोंड फिरवलं आणि सरपंचाला म्हणाला, "म्या फुडं हुतो. वाट पाडतो. तुमी माझ्या मागनं पाणी मारत या." निवडणुकीनंतर त्याने सरपंचाशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

जेसीबी पुढं, ब्लोअर मागं, आणि ब्लोअरच्या दांडीवर उभे आमचे दाजी, डोक्यावर ओला टॉवेल. तिघंही धुरात शिरले आणि मी मागं उभा राहिलो. अक्का कोप्यांकडून परत आली, माझ्याकडं पाहिलं आणि काय झालंय ते तिला न सांगताच कळलं. तिने माझा दंड धरला. आधी अप्पांच्या ट्रॅक्टरचा आवाज बंद पडला. आम्ही नुसते ऐकत उभे होतो, आगीचं तडतडणं आणि त्यात जेसीबीची घरघर. अक्का पुटपुटत होती, "येळकोट, येळकोट," पुढचं तिला म्हणवत नव्हतं.

जेसीबी आत वळसा घालून, नवी वाट पाडत बाहेर आला. त्याच्या मागोमाग ब्लोअर, आणि त्याच्या दांडीवर दोघं, एकाच ओल्या टॉवेलाखाली. अप्पांच्या भुवया जळून गेल्या होत्या. त्यांचा ट्रॅक्टर आतच जळून गेला, टायरांसकट. जेसीबीने तसाच उरलेला पट्टा पाडला, ब्लोअरने भिजवला. आग पट्ट्यापर्यंत आली, आधी धुमसली, मग तिथंच बसली. कोप्या वाचल्या. अप्पांचा ऊस गेला, दाजींचा निम्मा जमिनीवर आडवा.

अप्पा विहिरीच्या कट्ट्यावर बसले. पाणी प्यायले, चूळ भरली. दाजी समोर उभे, हात कुठं ठेवावेत हे न कळल्यासारखे. अप्पांनी मोटारीच्या खोलीकडं कान दिला. मोटार चालूच होती.

"आज पाळी कुणाची हाय?" अप्पांनी विचारलं.

सरपंचसुद्धा ब्लोअरचा पाइप गुंडाळायचा थांबला. दाजी म्हणाले, "तुमची, अप्पा."

अप्पांनी ओल्या टॉवेलानं तोंड पुसलं. मग म्हणाले, "चालू दे." आणि हे ऐकल्यावर आमचे दाजी, चौकटींच्या मैदानावरचे सेनापती, भावाच्या गुडघ्यावर डोकं टेकून ढसाढसा रडले. अप्पांनी आधी इकडंतिकडं पाहिलं, मग हात त्यांच्या डोक्यावर ठेवला.

अक्काने चहा केला. काळी तोंडं घेऊन सगळे ओळीनं बसले, सरपंच आणि पडलेला उमेदवारही एकाच पोत्यावर. मग एकेक यंत्र चालू झालं आणि आपापल्या वाटेला लागलं. दाजी बांधावर उभे राहून बघत होते. मला म्हणाले, "म्हणून म्या शेवटची लढाई खेळत न्हाय." तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की दाजींच्या त्या फळीवरचा एकही भाग पुरा झालेला नाही. शेवटची लढाई जिंकली की फौज मोडते, प्रत्येक यंत्रमानव आपापल्या गोष्टीत परत जातो. ते दाजींना बघवत नाही. पण त्या दिवशी एक माणूस गेला नाही, कारण त्याच्याकडं जायला ट्रॅक्टरच नव्हता. दाजींनी मोटारसायकल काढली आणि म्हणाले, "अप्पा, बसा मागं."

आता अप्पा रोज संध्याकाळी भिंतीपलीकडून येतात आणि शेंगदाणे खात दाजींच्या मागं बसतात. त्यांना त्या गेममधलं काही म्हणजे काही कळत नाही. पहिल्या दिवशी एवढंच विचारलं, "ह्यात म्या कोन्ता?" दाजींनी तपकिरी धिप्पाड दाखवला, तर म्हणाले, "लई जाड केलास की रं." तेव्हापासून पाळी संपली की एकच प्रश्न. "म्या पडलो का?" "न्हाय अप्पा." "मग चालू दे."

परवा गेलो तेव्हा अप्पा मला जरा वाळल्यासारखे वाटले. धुरापासून त्यांचा खोकला काही हटला नाही. भुवया उगवल्या, त्या पांढऱ्या. पडद्यावर शेवटच्या लढाईच्या अलीकडचा थांबा होता. मी गमतीने म्हटलं, दाजी, आता तरी संपवा की एक भाग. दाजींनी हातातला गेमचा रिमोट खाली ठेवला. अप्पांनी खोकला आवरला, हातातले शेंगदाणे दाजींच्या हातात ओतले आणि म्हणाले, "घाई काय हाय? पुन्ना पयल्यापासनं लाव."