आमेनमावशीच्या पोचट लोंब्या

प्रार्थना संपायच्या आत 'आमेन' म्हणणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. फादर आजाऱ्यांसाठी, प्रवाशांसाठी, राज्यकर्त्यांसाठी देवाकडे काही ना काही मागत असायचे, आणि ते मध्येच कुठे श्वास घ्यायला थांबले की उजवीकडच्या बाकांवरून खणखणीत आवाज यायचा, "आमेन!" मग निम्मं चर्च तिच्यामागोमाग आमेन म्हणून मोकळं व्हायचं आणि उरलेली प्रार्थना फादर एकटेच संपवायचे. तिचं खरं नाव मार्था. पण रेवदंड्याच्या खाडीपलीकडच्या आमच्या गावात लहानथोर सगळे तिला आमेनमावशीच म्हणायचे, आणि तीही खुशाल ओ द्यायची.

नवे फादर आले तेव्हा त्यांनी तिला बाजूला घेऊन समजावलं. "मावशी, प्रार्थना पूर्ण तर होऊ द्या."

"फादर, त्याला पयल्या वाक्यातच कळतं. तो काय बहिरा हाय? पुढचं तुम्ही आमच्यासाठी बोलता."

 काही महिन्यांनी फादरच प्रार्थनेच्या मध्यावर जरा थांबायला लागले. मावशीचं आमेन येऊन गेलं की पुढे निघायचे.

मावशी आमची शेजारीण. नवरा लवकर गेलेला, मुलगी लग्न होऊन वसईला. मुळा, वांगी, माठ असं काहीबाही पिकवायची आणि रेवदंड्याच्या बाजारात नेऊन विकायची. आमची घरातली बोली निराळी, पोर्तुगीज वळणाची. पण भांडण काढायचं असलं की मावशीला मराठीच लागायची. देवाशी ती कायम मराठीतच बोलायची, यावरून काय ते समजा.

संतांनाही तिच्याकडे सवलत नव्हती. हरवलेली वस्तू शोधून देणं हे संत अंतोनींचं काम. एकदा तिची बकरी हरवली, तर तिने त्यांचा पुतळा उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवला. "ऱ्हावा तिकडं बघत. बकरी आली की वळवीन." संध्याकाळी बकरी आली. आमच्याच वाडीतून आली, आमची चवळी फस्त करून. संत सरळ झाले, त्यांच्यापुढे मेणबत्तीही लागली. चवळीबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढला नाही.

मग ते चक्रीवादळ आलं. मावशीची कौलं उडाली, आमची दोन आंब्याची झाडं आडवी झाली, पण खरा घाव बसला तो शेतावर. खाडीचा बांध फुटला आणि खारं पाणी भाताच्या जमिनीत येऊन बसलं. पप्पांचा सगळा जीव त्या जमिनीत. ते ओटीवर बसले ते बसलेच. रविवारी चर्चला जायचंही बंद केलं. "ज्याच्याकडं मागायचं त्यानंच नेलं, तर जायचं कशाला?" असं म्हणाले.

त्याच दिवसांत अलिबागहून एक एजंट येऊ लागला. कोणाला तरी रिसॉर्ट बांधायचं होतं आणि आमची जागा त्याच्या मनात भरली होती. पप्पा त्याला चहा द्यायला सांगू लागले, तशी आई आणि मी घाबरलो. पप्पा सहसा कोणाचं ऐकून घेत नाहीत, पण ज्याला चहा देतात त्याचं ऐकतात. जमीन गेली तर या माणसाचं काय उरणार, ते आम्हाला ठाऊक होतं.

इकडे मावशीने संत अंतोनींना खिडकीत, समुद्राकडे तोंड करून उभं केलं होतं. "बघा म्हटलं, तुमच्या धन्यानं काय करून ठेवलंय." एवढं करून ती कुदळ घेऊन थेट आमच्या शेतात आली. कोणाला न विचारता चर खणायला लागली, म्हणजे पावसाच्या पाण्याबरोबर मीठ धुऊन खाडीकडे जाईल. पण खणत होती ती उलट्या उताराला. पप्पांनी ओटीवरून थोडा वेळ सोसलं, मग त्यांना राहवेना.

"मार्था, पाणी वर चढतं काय गो?"

"मंग दाखव ना येऊन. मला काय ठाऊक?"

जन्मभर शेती केलेल्या बाईला उतार ठाऊक नव्हता! पप्पा तणतणत उतरले, तिच्या हातातून कुदळ घेतली, आणि मावशी बांधावर बसून पान खायला मोकळी झाली. "पाऊस तो देतो, फ्रान्सिस," ती म्हणाली. "चर खणायला त्याला सवड न्हाय. तेवढं आपल्यावर सोडलंय."

पावसाने बरंच मीठ नेलं, पण सगळं नाही. कुठून कुठून रोपं मिळवून आम्ही लवकर पिकणारं हळवं भात लावलं. सप्टेंबरात मरियेच्या जन्माचा सण येतो, तेव्हा प्रत्येक घर नव्या भाताच्या लोंब्या आशीर्वादासाठी चर्चमध्ये नेतं. आमच्या लोंब्या आल्या खऱ्या, पण दाणा दाबला तर दूध निघेना. सगळ्या पोचट.

"ह्या घेऊन देवाच्या दारात जाऊ?" पप्पा म्हणाले. "लोक हसतील. सणाच्या दुसऱ्या दिवशी एजंट यायचाय, त्याला हो सांगून टाकतो."

सणाच्या सकाळी मावशी परस्पर आमच्या शेतात शिरली, लोंब्या कापल्या, लाल फितीने बांधल्या आणि पप्पांच्या हातात दिल्या. "भरल्या लोंब्यांना आशीर्वाद कशाला रे? त्यांचं झालंय सगळं. गरज हाय ती ह्यांना."  पप्पा आत गेले आणि इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले.

चर्चमध्ये फादरांनी प्रार्थना सुरू केली आणि नेहमीच्या जागी थांबले. आमेन आलं नाही. लोक माना वळवून बघू लागले. मावशी डोळे मिटून उभी. फादर गोंधळले, पुढे निघाले, आणि किती वर्षांनी आम्ही त्या प्रार्थनेचा शेवट ऐकला. चांगला होता. सगळ्यांचं म्हणून झाल्यावर अगदी हळू तिचं आमेन आलं. बाहेर आल्यावर मी विचारलं तर म्हणाली, "आज पोचट्यांचं काम होतं गो. त्याला सगळं नीट सांगाया नको?"

दुसऱ्या दिवशी एजंट आला, बसला, बोलला. चहा काही आला नाही. आईने आत पदर डोळ्यांना लावला.

चमत्कार वगैरे झाला नाही. त्या लोंब्या पोचटच राहिल्या, पेंढा तेवढा गुरांना झाला. पप्पांनी बांध घातला, चर राखले आणि पुढच्या पावसाळ्यात दाण्यात दूध भरलं. लाल फितीची ती जुडी अजून आमच्या घरी क्रुसाखाली टांगलेली आहे. तिची धूळ झटकायचीही कोणाला परवानगी नाही. पुढे माझी अलिबागची नोकरी गेली तेव्हा मी मावशीपुढे बसून पोटभर रडले. तिने रडू दिलं, आणि मग विचारलं, "चर खणलास काय?" मला तिचा राग आला होता. दुसऱ्या दिवशी मी अर्ज करायला बाहेर पडले.

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता मावशी गेली. चर्चमध्ये तिची पेटी समोर ठेवलेली, मुलगी वसईहून आलेली. फादर प्रार्थना म्हणत होते आणि सवयीने मध्यावर थांबले. थांबले आणि त्यांच्याही ते लक्षात आलं. उजवीकडच्या बाकांकडे कोणालाच बघवेना. मला वाटलं, आता कोणीतरी काहीतरी करावं.

"आमेन!"

माझ्या शेजारून पप्पांचा आवाज आला, चांगला मोठा आणि फाटलेला. मग सगळं चर्च म्हणालं. फादरांनी डोळे पुसले आणि प्रार्थना तिथेच संपवली. मी पप्पांकडे पाहिलं, तर ते पेटीवरची नजर न काढता म्हणाले, "तिचं त्याला पयल्या वाक्यातच कळलं असंल."