माझंच क्रूझ लागेना

आमच्या नव्या गाडीला मी पसंत नव्हतो.

एरवी गाडी गुणाची. एसी गारेगार, हॉर्न खणखणीत (ग्वाल्हेरात इंजिनापेक्षा तोच आधी बघतात), पण क्रूझ कंट्रोल काही केल्या लागेना. म्हणजे बटण दाबलं की गाडी आपली आपण एका वेगानं चालते आणि उजव्या पायाला आराम मिळतो, ती सोय. माझा उजवा गुडघा दोन वर्षांपासून रुसलेला, म्हणून त्या एका बटणासाठी तर गाडी घेतली होती!

त्यात रविवारी इंदूरला नातीचं उष्टावण. तिला मामा नाही, तेव्हा खिरीचा पहिला घास आजोबांच्या हातून, म्हणजे माझ्या. "स्वतः गाडी चालवत येतोय," असं मी चार गावच्या नातेवाइकांना कळवून बसलेलो. पण मुलगी मुग्धा फोनवर ठाम होती.

"बाबा, पाँच सौ किलोमीटर एक्सलरेटर दबाके बैठोगे क्या? क्रूझ लागत असेल तरच गाडीनं या. नहीं तो सीधा ट्रेन पकड़ो!"

आता ट्रेननं जाणं म्हणजे चार गावांत नाक कापून घेणं. मंगळवारी सकाळीच मी शिवपुरी रोडवर गेलो. साठचा वेग धरला, बटण दाबलं. काही नाही. हळूच दाबलं, जोरात दाबलं, देवाचं नाव घेऊन दाबलं. क्रूझ लागल्याचा समोरचा हिरवा दिवा काही पेटेना. शेवटी मी गाडीला चार शब्द सुनावले आणि घरी आलो.

बुधवारी कंपू भागातल्या सलीमभाईंकडे गेलो. हे आमचे जुने मेकॅनिक. ते गाडी घेऊन निघाले, मी शेजारी बसलो. साठला त्यांनी एका बोटानं बटण दाबलं आणि हिरवा दिवा टचकन लागला!

"गाड़ी तो मक्खन है, अंकल!"

मी स्टिअरिंगवर बसलो. दिवा नाही. ते बसले. दिवा! मी बसलो. ठणठण गोपाळ! चार वेळा आम्ही रस्त्याच्या कडेला जागा बदलल्या. शेवटी एक ट्रॅक्टरवाला थांबून विचारता झाला, "झगड़ा हो गया क्या, भाईसाहब?"

घरी येऊन नलूला, म्हणजे बायकोला, सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिनं मानही वर केली नाही.

"अहो, महिन्याभरात तुमचा स्वभाव कळला तिला. मला वर्ष लागलं होतं."

शेजारचे तिवारीजी म्हणाले, "लोहे की चीज़ है, अंगूठी उतारकर देखिए." गुरुवारी अंगठी काढून गेलो. मग चप्पल काढून गेलो. मग वाटलं, सलीमभाईंचं लागतं ना, तर हुबेहूब सलीमभाईंसारखंच बसावं! त्यांच्यासारखं कोपर खिडकीत टेकवलं, त्यांच्यासारखी शीळ घातली. त्यांनी तोंडात सौंफ टाकली होती, म्हणून मीही टाकली. शीळ आणि सौंफ एकदम जमत नाही हे तेव्हा कळलं. ठसका लागला, डोळ्यांना धारा लागल्या, दिवा तेवढा लागला नाही. शुक्रवारी जावयानं ट्रेनची तिकिटं काढून पाठवली. खरं सांगतो, फार वाईट वाटलं. जेवणसुद्धा गेलं नाही.

शनिवारी ट्रेन संध्याकाळची होती. सकाळी नलू म्हणाली, "चला, एकदा मलाही दाखवा तुमचं ते नाटक." नलूला गाडी येत नाही. मी साठला बटण दाबत होतो आणि गाडीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतो. एवढ्यात तिची चष्म्याची डबी खाली पडली. ती उचलायला वाकली, ती वाकलेलीच राहिली.

"अहो, तुमचा डावा पाय कुठे आहे?"

"आपल्या जागी."

"कुठली जागा?"

"क्लचवर. अजून कुठे असणार?"

"गियर बदलताय?"

"नाही."

"मग तो तिथे काय करतोय?"

आता हिला काय सांगायचं! चौतीस वर्षं मी नया बाजारातून गाडी चालवली आहे. तिथे क्लचवरून पाय काढला की समोर ई-रिक्षा प्रकट होते. ती चुकवावी तर गाय, आणि गायीमागे हातगाडी! माझा डावा पाय क्लचवरच म्हातारा झाला. आणि सलीमभाईंनी गाडीचं सगळं बघितलं, माझा पाय तेवढा बघितला नाही.

"उचला बघू," नलू म्हणाली.

उचलला. बटण दाबलं. हिरवा दिवा! क्लच जरा दबलेला असला तर क्रूझ लागतच नाही, हे त्या गाडीच्या पुस्तकात बाराव्या पानावर लिहिलेलं होतं. (पुस्तक मी पहिल्याच दिवशी जपून कपाटात ठेवलं होतं.)

मी आनंदानं इतका ओरडलो की नलूनं कानांवर हात ठेवले. तिकिटं रद्द केली, डबे गाडीत टाकले आणि तासाभरात निघालो. वाटेत डावा पाय सवयीनं क्लचकडे सरकला की नलू गुडघ्यावर चापट मारायची. मग मी तो वर उचलून धरायचो. गुना गेलं, ब्यावरा गेलं. पण त्या प्रवासात मला जे सुख लाभलं ते काय सांगू! इंदूरला दारात मुग्धा उभीच होती.

"बाबा! गुडघा कसा आहे?"

"उजवा? एकदम बढ़िया!"

"मग लंगडत का आहात?"

"डाव्यानं लंगडतोय. दिवसभर हवेत धरला होता."

जावई गाडीत डोकावले. "बाबा, पण डावा पाय टेकवायला क्लचच्या शेजारी ही जागा दिलेली असते ना!"

दिलेली असते. महिनाभर मी तिथे छत्री ठेवत होतो.