न भाजणारे पाय

शशिकला आधी माणसाचे पाय बघायची, मग चेहरा. मुलगी बघायच्या कार्यक्रमात तिनं मान खाली घातली तेव्हा उपेंद्रच्या घरचे म्हणाले, केवढी लाजाळू पोर आहे. पुढं उपेंद्र चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या कारखान्यातल्या मित्रांना सांगत असे, "लाजाळू कसली! माझ्या टाचेच्या भेगा बघत होती."

सोलापूरची ही बाई लग्न होऊन चेन्नईला आली आणि मैलापूरच्या एका सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून लागली. पेन्शनवर गेलेली मंडळी तिथं येत. साखरेचा प्रत्येक रुग्ण गोळ्या घेण्याआधी तिच्या टेबलाशी थांबे आणि चपला काढून पाय स्टुलावर ठेवी. तमिळ ती सोलापुरी हेल काढून बोलायची. पण मैलापुरात वडीलधाऱ्यांना मामा आणि मामीच म्हणतात, एवढं तरी तिला नव्यानं शिकावं लागलं नाही. पायांच्या नादाला मात्र कारण होतं. सासऱ्यांच्या चपलेत खिळा वर आला होता. तो त्यांना दिवसभर टोचला नाही आणि शेवटी पाय घोट्यापासून गेला. तेव्हापासून न दुखणाऱ्या पायाची तिला धास्ती बसली होती. दुखणारा माणूस निदान ओरडतो.

राघोत्तमराव तिच्याकडे अधूनमधून येत. तंजावरकडचे मराठी, रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले. त्यांचं मराठी शशिकलाच्या मराठीपेक्षा दोन-तीन पिढ्यांनी म्हातारं होतं आणि तमिळच्या चालीवर चालायचं. आयुष्यभर त्यांच्याकडे कुणी वळून पाहिलं नव्हतं. निरोप समारंभात साहेब भरभरून बोलले ते शेजारच्या टेबलावरच्या माणसाबद्दल होतं, असं त्यांची बायको तुळजामामी सांगत. राव गप्प बसून हार घालून आले होते.

आणि मग एका मे महिन्यात त्यांचं नशीब उघडलं.

मे महिन्यातल्या भाजून काढणाऱ्या दिवसांना तिथं कत्तरी म्हणतात. त्या दिवसांत तळ्याकाठच्या मोठ्या देवळाचं दगडी आवार दुपारी तव्यासारखं तापतं. प्रदक्षिणेच्या वाटेवर काथ्याच्या चटया टाकून त्यांवर पाणी मारतात, पण चटई संपते तिथून पुढच्या चटईपर्यंत भले भले उड्या मारत जातात. राघोत्तमराव उडी मारत नव्हते. चटई सोडून उघड्या दगडावरून, हात मागं बांधून, तळ्यावर वारा खायला निघाल्यासारखे ते चालत. हे पहिल्यांदा पाहिलं शेजारच्या राममूर्तींनी.

"राव, तुमाला भाजत नाहीं?"

"नाहीं हो. गार फरशीवर चालल्यासारखें वाटतें."

राममूर्तींच्या मुलानं नुकताच फोटो काढणारा मोबाइल पाठवला होता आणि त्यांना फोटोसाठी काहीतरी हवंच होतं. आठवड्याभरात बातमी देवळाभोवतीच्या चारी गल्ल्यांत पोचली. बायका वाकून रावांच्या पायांना हात लावू लागल्या. जन्मभर सकाळी देवळात जाणारे राव आता दुपारी देऊळ बंद व्हायच्या जरा आधी, ऐन उन्हात जाऊ लागले. का, ते कुणी विचारलं नाही. रावांनी स्वतःलाही विचारलं नसावं.

दवाखान्यात शशिकला त्यांच्या पायांशी वाकली, तेव्हा रावांचा उजवा हात आपोआप वर गेला.

"अखंड सौभाग्यवती भव."

"मामा, नमस्कार नाही. तपासणी आहे."

"असूं दे. दिला आशीर्वाद परत घेत नाहींत."

तिनं पाऊल उलटं केलं आणि तिचा हात थांबला. चवड्याखाली मोठा फोड होता, फुटून मातीनं काळा पडलेला. दुसऱ्या पायालाही एक धरत होता. इतक्या लोकांनी त्या पायांना हात लावला होता, पण सगळ्यांनी वरून. तळवा कुणी बघितला नव्हता.

तिनं ड्रॉवरमधून नायलॉनचा एक जाड दोरा काढला. मासे धरायच्या गळाला असतो तसला, एका दांडीला बसवलेला.

"डोळे मिटा. दोरा लागला की 'हूं' म्हणा."

राव डोळे मिटून बसले. शशिकलानं अंगठ्याला दोरा टेकवला. शांतता. टाचेला टेकवला. शांतता. मग तिनं हात मागं घेतला, तेव्हा राव म्हणाले, "हूं." थोडं थांबून पुन्हा, "हूं." कीर्तनात पेंगणारा श्रोता मधेच मान हलवतो, तसे ते अंदाजानं हुंकार देत राहिले. दोरा तिच्या मांडीवर पडलेला होता.

"आतां एक हूं मी म्हणितें," तुळजामामी शेजारून म्हणाल्या. "हें असेंच करितात. घरीं मी बोलितें तेव्हांही असेंच हूं हूं."

"मामी, जरा तुमचा पाय द्या."

दोरा टेकताच मामी किंचाळून स्टुलावरून उठल्याच. रावांनी डोळे उघडले. बायकोचा वर उचललेला पाय, शशिकलाच्या हातातला दोरा आणि तिचा चेहरा त्यांनी एकापाठोपाठ एक पाहिला.

"मला केव्हां लाविला?"

"लावला मामा. पुष्कळ वेळा. तुम्ही हूं म्हणालात ते मी लावला नव्हता तेव्हा."

खोलीत पंखा फिरत होता. बाहेर कुणीतरी पेन्शनच्या वाढीवरून भांडत होतं. राव आपल्या पायांकडे असे बघत राहिले, की जणू ते पाय चुकून दुसऱ्याच कुणाचे घालून आले होते.

"म्हणजे," ते हळूच म्हणाले, "देवळांत जें होतें तें..."

शशिकलाला सासऱ्यांची चप्पल आठवली. फोडाचं सांगणं सोपं होतं. या माणसाला उभ्या जन्मात पहिल्यांदा कुणी ओळखू लागलं होतं, आणि ते तिला काढून घ्यायचं होतं.

"साखरेनं पायाच्या नसा मेल्यात, मामा. दगड भाजतो, पण निरोप वर येत नाही. देवाचं तुम्ही बघा. पण हे असंच चाललं तर पाय कापायची वेळ येईल, आणि ती मी येऊ देणार नाही."

डॉक्टरीणबाईंनी जखम पाहिली, औषध लिहून दिलं आणि जखम भरेपर्यंत चालणं बंद केलं. शशिकलानं पट्टी बांधली आणि रोज काय करायचं ते सांगितलं: घरातही चपला घालायच्या. आंघोळीचं पाणी आधी मामींनी हातानं बघायचं. बोटांच्या मधे कोरडं करायचं. आणि रोज रात्री तळवे बघायचे.

"तळवा मला दिसेल कसा?" रावांनी पोटाकडे बोट दाखवलं. "मधें हें आहे."

"दाढीचा आरसा जमिनीवर ठेवा आणि पाय वर धरा."

"पासष्टी ओलांडून पायांचें तोंड पाहायचें!"

"चेहऱ्याचें पाहून काय झालें एवढ्या वर्षांत?" मामी म्हणाल्या.

राव येत राहिले, पण पूर्वीसारखे बोलत नव्हते. पट्टी बदलताना ते भिंतीवरच्या लसीकरणाच्या चित्राकडे बघत. आशीर्वाद मात्र चुकवत नसत. जखम आतून भरत आली, कातडी गुलाबी झाली. एकदा त्यांनी स्वतःहून सांगितलं, की डाव्या टाचेला भेग पडते आहे, काल आरशात पाहिली. शशिकला इतकी खूश झाली की तिनं उपेंद्रला रात्री तेवढंच दोनदा सांगितलं. उपेंद्रनं पाय पांघरुणात ओढून घेतले.

त्याच आठवड्यात एका दुपारी तुळजामामी एकट्याच दवाखान्यात आल्या.

"सिस्टर, घात झाला. आज देवळांत मोठी पूजा. राममूर्तींनी सगळ्यांना बोलाविलें आहे, राव आज पुन्हां चालणार म्हणून. आणि हे सोवळें नेसून गेले."

"तुम्ही अडवलं नाहीत?"

"म्हणाले, 'एक वेळ जातों.' आवाज असा होता कीं मला अडवितां आलें नाहीं."

शशिकलानं जेवणाच्या डब्याचं झाकण लावलं आणि निघाली. देवळाबाहेर चपला काढल्या. पहिल्या दगडावर पाय ठेवताच तिच्या तोंडून सोलापुरी शिवी निघाली. आवारात लोक सावलीला दाटीनं उभे होते. राममूर्ती मोबाइल वर धरून सगळ्यांत पुढं. आणि राघोत्तमराव मंडपाच्या कडेला, जिथून उघडा दगड सुरू होतो तिथं. धोतराखाली त्यांनी जाड सुती मोजे घातले होते. ओली चटई बाजूलाच होती. राव तिच्यावर नव्हते.

ती हाक मारणार होती. पण रावांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं, आणि ती थांबली.

त्यांनी एक पाय पुढं केला. दगडाला बोटं टेकली न टेकली, तोच ते जिवाच्या आकांतानं ओरडले.

"अय्यो! अय्योय्यो! भाजिलें!"

लोक दचकले. राव उडी मारून ओल्या चटईवर आले आणि तिथून धोतर वर धरून, एकेक पाय झटकत, टुणटुण उड्या मारत प्रदक्षिणेला निघाले. चटई संपायची तिथं ते थांबत, पुढच्या चटईवर झेप घेत आणि पुन्हा "अय्यो!" एक बाई नमस्कारासाठी जोडलेले हात तसेच घेऊन मागं वळली. दुसरी पदरात तोंड घालून हसू लागली. कुणीतरी म्हणालं, "हे तर आमच्यासारखेच." रावांचा चेहरा घामानं भिजला होता. घाम उन्हाचा होता, बाकी सगळं पाठ केलेलं. शशिकलाला ते कळत होतं, कारण ते प्रत्येक पाय जरासा उशिरा उचलत होते.

राममूर्तींचा मोबाइल खाली आला. "राव, कसें हो झालें असें? तुमची सिद्धी?"

"गेली," राव उडी मारत म्हणाले. "औषधानें गेली."

प्रदक्षिणा संपवून ते मागच्या मंडपात आले. तिथं दाट सावली होती, फरशीला गारवा होता, लोक पांगायला लागले होते. राव उड्या मारतच होते. एक खांब, दुसरा खांब. डोळे समोर, धोतर मुठीत.

तुळजामामी धावत जवळ गेल्या आणि त्यांनी नवऱ्याचा दंड धरला.

"पुरे हो. सावली आली."

राव थांबले. खाली पाहिलं. मग सिस्टरकडे पाहिलं.

"केव्हां आली?"

"मघाशीच, मामा," शशिकला म्हणाली. "बसा. मोजे काढा. बघू."

ती वाकली. रावांचा हात वर गेला.