विठोजीची हलकी गाडी

विठोजी बुलेटखाली सापडला तेव्हा त्याला सोडवायला शेजारच्या वावरात गवत कापणाऱ्या बायका धावत आल्या, आणि गाडीला हात लावायच्या आधी त्यांनी पोटभर हसून घेतलं. साठी उलटलेला बाप्या, मिशा दोन्हीकडं पिळलेल्या, आणि अंगावर म्हशीसारखी पसरलेली बुलेट. पोटरी तापल्या सायलेन्सरला चिकटलेली. त्यातली एक कन्नडमधनं म्हणाली, "अज्जा, तू गाडीवर बसला होतास का गाडी तुझ्यावर?" दुसरीनं पदर तोंडात कोंबला. मग सगळ्यांनी मिळून बुलेट उभी केली आणि वरातीचा घोडा धरावा तशी धरून ठेवली. विठोजी लंगडत वर चढला आणि चढता चढता त्यानं त्यांनाच शिव्या दिल्या. उपकार मानायची सवय त्याच्या जिभेला कधी लागली नव्हती.

हे घडलं मागडी रस्त्याला, तावरेकेऱ्याच्या आतल्या गाडीवाटेवर. तिथं विठोजी शिंद्याचं दोन एकर नाचणीचं रान होतं, बांधाला आंबे. मिलमधनं फोरमन म्हणून सुटल्यापासनं तो राजाजीनगरातल्या घरातनं निघायचा आणि दिवस दिवस तिकडं काढायचा. घरात त्याला करमत नव्हतं, आणि तो नसला की घरालाही बरं वाटायचं. त्याचा पोरगा यशोवर्धन कोरमंगल्याला एका कंप्युटरच्या हापिसात होता. त्याला त्या रानाचे प्लॉट पडलेले दिसत होते. बेंगळूर तिकडं सरकत चाललं होतं, प्लॉट पाडून विकणारा लेआउटवाला दोनदा घरी येऊन कॉफी पिऊन गेला होता. बायको मालनबाई पोराच्या बाजूची. त्या रानात तिला आजवर साप आणि विंचू याखेरीज काही भेटलं नव्हतं. विषय निघाला की विठोजी एवढंच म्हणायचा, "मी नारळ फोडतोय तवर रान इकायचं न्हाई."

आता हा नारळ काय ते सांगायला पाहिजे. खंडेनवमीला हत्यार सगळीच मराठा घरं पुजतात. शिंद्यांच्या घरात त्यापुढं आणखी एक रीत होती. हत्यार जागं करायचं. वर्षभर म्यानात झोपलेली तलवार भरल्या अंगणात एका हिसक्यात उपसायची. जो उपसेल त्यानं नारळ फोडायचा, बोकडाच्या रक्ताचं बोट हत्याराला लावायचं आणि पहिल्या पंगतीत मधल्या पाटावर बसायचं. त्या पाटावरनं निघालेला शब्द वर्षभर चालायचा. सोयरिक असो, वाटणी असो, विकणं असो.

विठोजी तिशीत असताना त्याच्या बापाचा हात कापायला लागला. विठोजीनं म्हाताऱ्याला बशीतला चहा धोतरावर सांडताना बघितलं, आणि नवमीला भाऊबंदांच्या देखत मोठ्या अदबीनं तलवार त्याच्यापुढं धरली. म्हणाला, "आबा, तुम्हीच उपसा." म्हाताऱ्यानं एका हातानं ओढली, मग दोन्ही हातांनी ओढली. तलवार जागची हलली नाही. मग विठोजीनं ती त्याच्या हातातनं काढून घेतली आणि काकडी सोलावी तशी उपसली. त्या दुपारी म्हातारा दुसऱ्या पंगतीला जेवला, बायकापोरांच्या आणि वाजंत्र्यांच्या. मरेपर्यंत तिथंच जेवला.

पुढं वाटणीत तलवार कोलारच्या चुलत्याकडं गेली. त्या वर्षी विठोजीनं अंगणात रांगोळीवर बुलेट उभी केली, चाकाखाली लिंबं ठेवली आणि एका किकेत गाडी चालू केली. हे कसलं हत्यार, म्हणून भाऊबंद कुरकुरले. पण बुलेटचा आवाजच असा की कुरकुर कुणाला ऐकू आली नाही. तेव्हापासनं शिंद्यांची तलवार म्हंजे बुलेट.

ती आता अंगावर पडली होती. गुडघा तर आधीच गेला होता, त्यात बुलेटची किक. ती उलटी बसली की घोटा बाजूला. गेल्या नवमीला गाडी चालू झाली खरी, पण विठोजी नंतर आठवडाभर जिना बसून बसून उतरत होता. मालनबाई पोटरीच्या फोडांना खोबरेल लावत म्हणाली, "बसनं जात जावा. कंडक्टर हात धरून चढवील." विठोजीनं पाय ओढून घेतला.

त्याच्या डोक्यात एक हिशेब बसला, आणि असा हिशेब शिंद्यांच्या घरातच बसावा. तलवारीच्या जागी बुलेट चालली, मग बुलेटच्या जागी दुसरी गाडी का चालू नये? हत्यार म्हंजे आपण म्हणू ते. आपण म्हटलं होतं आणि चाललं होतं. तेव्हा मनगट कसं होतं, ते मात्र त्यानं हिशेबात धरलं नाही.

गाडी बघायचं काम त्यानं यल्लाप्पा मेस्त्रीवर सोपवलं. राजाजीनगरच्या कारखान्यांच्या गल्लीत यल्लाप्पाचं पत्र्याचं शेड होतं. त्यानं आधी एक स्कूटर दिली. तिची चाकं भाकरीएवढी. गाडीवाटेच्या चाकोरीत ती अशी रुतली की विठोजी तिला नांगरासारखी ओढत घरी आला. मग नवी शंभर सीसीची दिली. हलकी, गुणी, पेट्रोल चिमणीएवढं पिणारी. पण हँडल खाली, बसायचं वाकून, आणि दर खड्ड्याला माकडहाडात खिळा. विठोजी परत येऊन म्हणाला, चकाचक तर आहे, घेऊन टाकू.

यल्लाप्पानं तोंडातलं पान थुंकलं. "विठोजण्णा, वय झालं की माणूस गाडी डोळ्यानं निवडतो आणि बुडानं भोगतो. तू बुडानं निवड."

मग त्यानं शेडच्या मागनं तिसरी काढली. कुणा हौशी पोरानं मातीतल्या शर्यतीसाठी बनवून घेतलेली. पुढचं मडगार्ड चाकाच्या वर वीतभर, टायरला मक्याच्या कणसासारखे दाणे, लांब स्प्रिंगा, हँडल रुंद आणि उंच. पोरगं दुबईला गेलं, गाडी राहिली. विठोजी वर बसला तर पाय अधांतरी, फाशी दिल्यागत. यल्लाप्पा हसला नाही. त्यानं सीटचा फोम पुढनं तासून अरुंद केला, मागं दुप्पट भरला, मागल्या स्प्रिंगा बदलून गाडी चार बोटं खाली बसवली. पाय टेकले.

आणि गाडी खरंच चांगली होती. पाराच्या कट्ट्यावर बसावं तसं कमरेतनं ताठ बसायचं, बैलाच्या शिंगांना धरावं तसं हँडल धरायचं. खड्डा खालच्या खाली विरायचा, वर नुसता निरोप यायचा. जन्मभर उजव्या पायानं गिअर टाकलेला, इथं तो डावीकडं. महिनाभर तो ब्रेक समजून गिअर दाबत होता आणि सिग्नलला मागच्या रिक्षावाल्यांच्या शिव्या खात होता. पण बसलं अंगवळणी. गाडीवाटेवर गाडी कलली तेव्हा त्यानं नुसता एक पाय टेकून ती सावरली. रानात पोचल्यावर आंब्याखाली उभा राहून तो थोडा वेळ नुसता गाडीकडं बघत होता. गुडघा ठणकत नव्हता. किती वर्षांनी ते त्याला आठवेना.

मालनबाईचा भाऊ खंडोजी त्याच्याच वयाचा. त्याच्याकडंही बुलेट होती, चादरीखाली झाकलेली. तो ती दर शनिवारी पुसायचा आणि दर शनिवारी पुन्हा झाकायचा. इडलीच्या हाटेलात त्यानं चारचौघांत विचारलं, "काय दाजी, घोडा सोडून शेळी पाळली म्हणं? दूध तरी देती का?"

"तुझा घोडा गोधडीत मुततोय," विठोजी म्हणाला. "माझी शेळी रानात जाऊन येती."

लोक हसले ते खंडोजीला. खंडोजीही हसला, पण त्यानं ते पोटात ठेवलं.

घरी यशोवर्धननं विचारलं, "अप्पा, मग बुलेट मी वापरू?" विठोजीनं किल्ली काढून दिली, बसचं जुनं तिकीट द्यावं तशी. चुलीपुढनं मालनबाई म्हणाली, "किल्लीबरोबर काय काय देताय ते बघून द्या." त्यानं ते बायकी बोलणं म्हणून सोडून दिलं. पुढचे दोन महिने यशोवर्धन हापिसातनं येताना मामाकडं थांबायचा. खंडोजीच्या अंगणात बुलेटला किका बसायच्या, गाडी बंद व्हायची, पुन्हा किका बसायच्या. विठोजीला हे कळलं तेव्हा त्याला बरं वाटलं. पोराला उशिरा का होईना, नाद लागला म्हणाला.

सत्त्याण्णव सालची खंडेनवमी आली. अंगणात मांडव, भाऊबंद जमलेले, बोकड खुंट्याला. विठोजीनं पटका बांधला आणि आपली उंच टायरांची गाडी आणून रांगोळीवर लावली. लगेच मागनं यशोवर्धननं बुलेट ढकलत आणली आणि तिच्या शेजारी लावली. बुलेट रात्री जागून पुसलेली होती. दोन गाड्या शेजारी उभ्या राहिल्या आणि बघणाऱ्यांना वेगळं काही सांगावं लागलं नाही.

"हे काय?" विठोजीनं विचारलं.

खंडोजी खुर्चीतनं म्हणाला, काय नाही, दोन हत्यारं आहेत, दोन्ही जागी करू. भाऊबंदांना ते पटलं. त्यांना पटण्यासारखंच होतं, कारण नवमीला तमाशा फुकटचा असतो.

विठोजीनं आपल्या गाडीला पाय लावला. ती निम्म्या किकेत चालू झाली आणि शिवणयंत्रासारखी चालत राहिली. मागनं कुणीतरी म्हणालं, माझं पोलकं तेवढं शिवून द्या. अंगण खदखदलं. बोकडसुद्धा बावरला नाही.

मग यशोवर्धननं बुलेट स्टँडवरनं काढली, दोन्ही हातांनी धरली आणि बापाकडं वळला. मान लववून म्हणाला, "अप्पा, तुम्हीच मारा किक."

ही अदब विठोजीला ओळखू आली. जिथनं ती आली होती ते घर त्याचंच होतं. पोरानं त्याच्याकडनं रान मागितलं नव्हतं, पाट मागितला नव्हता. नुसती किक मागितली होती, आणि ती सगळ्यांच्या देखत मागितली होती. बसली, तर वर्षभर पाट त्याचा, रान त्याचं. उलटली, तर घोटा जाणार, आणि तोही अंगणात, बोकडाच्या शेजारी.

तो पुढं झाला. सवयीनं त्यानं, किक उलटू नये म्हणून, दिव्यावरच्या मीटरचा काटा मध्यावर आणला, किकवर पाय ठेवला, अंगाचा भार त्यावर तोलला. गुडघ्यातनं कळ मांडीत गेली आणि तिथनं पोटात. यशोवर्धन वाट बघत होता. त्याचा चेहरा शांत होता, देवघरात असतो तसा. विठोजीनं पाय काढून घेतला.

"नको," तो म्हणाला. "तूच मार."

यशोवर्धननं मारली. पहिल्याच किकेत बुलेट गरजली, मांडवाचा कागद थरथरला, आणि बोकडानं दावं ताणलं. आवाज जरा उतरल्यावर खंडोजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "थोरल्या आबांनी निदान ओढून तरी बघितली होती."

यावर कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

नारळ यशोवर्धननं फोडला. रक्ताचं बोट बुलेटच्या दिव्याला लागलं. विठोजीची गाडी अजून चालूच होती, तिचं कुणाला भानही नव्हतं. त्यानं वाकून ती बंद केली. कुणीतरी सायकलींसाठी जागा हवी म्हणून तिला उचलून भिंतीकडं सरकवली. दोघांत सहज उचलली गेली.

मटणाचा वास सुटला, पंगतीची पानं मांडायला घेतली. विठोजी पाटाकडं बघत उभा होता. त्याला वाटत होतं, पहिल्या पंगतीत निदान कडेला तरी कुणी ये म्हणेल. तेवढ्यात मालनबाई बाहेर आली.

"अहो, केळीची पानं कमी पडतात असं वाटतंय. मार्केटातनं घेऊन या. तुमची गाडी हलकी, पटकन जाईल."

तिनं टोमणा मारला नव्हता. तिला खरंच पानं पाहिजे होती. विठोजीनं पटका काढून खुंटीला लावला, कारण पटक्यावर गाडी चालवता येत नाही, आणि निघाला. सणाची गर्दी, गाड्यांची नजर उतरवून रस्ताभर फोडलेल्या कोहळ्यांचा चिखल, त्यावरनं घसरणाऱ्या स्कूटरी. त्याची गाडी त्यातनं मांजरीसारखी गेली. जाताना गेली, येताना पानांचा भारा मागं बांधून तशीच आली. कुठं हादरा नाही, कुठं कळ नाही.

तो आला तेव्हा पहिली पंगत निम्मी जेवली होती. पानं अर्धी अर्धी कापून भागवली होती. मधल्या पाटावर यशोवर्धन नळी चोखत होता, शेजारी खंडोजी. लेआउटवाल्याला दिवाळीआधी होकार कळवायचा, हे तेवढ्यात ठरून गेलं होतं. विठोजीला ते कुणी मुद्दाम सांगितलं नाही. बोलणं चालू होतं, ते त्याच्या कानावर पडलं. आंबे काढायचे की लेआउटवालाच तोडून घेईल, एवढंच आता राहिलं होतं.

"यशा," तो म्हणाला, "रान माझ्या नावावर हाय."

यशोवर्धननं पानावरनं मान वर केली. "व्हय अप्पा. सही तुमचीच लागंल. त्या दिवशी बुलेटवरनं नेतो तुम्हाला, मागं बसा."

बोलायचं ते पाटावरनं बोलायचं असतं, ही रीत त्यानंच तीस वर्षं चालवली होती.

तो पानांचा भारा खांद्यावर घेऊन तसाच उभा राहिला, तेव्हा मालनबाईनं रश्शाचं पातेलं नेता नेता सांगितलं, "तिकडं ठेवा ती. दुसऱ्या पंगतीला लागतील."

त्यानं भारा ठेवला, एक पान ओढून पुसलं, आणि वाजंत्र्यांच्या शेजारी मांडी घालून बसला. मांडी विनात्रास घातली गेली.