हफीजाची मूठ आणि माझं लिंबाचं लोणचं

आमच्या गल्लीत घट्ट बसलेलं झाकण उघडायचं काम हफीजाचं. ती माझी शाळेपासूनची मैत्रीण, वय त्र्याहत्तर, माहेर पूर्णगडचं. जॅमची बाटली असो की कोकम सरबताची, लोक तिच्या ओट्यावर आणून ठेवत. ती बोलता बोलता झाकण फिरवून परत देई आणि तुम्ही जेवता ते जातं कुठे, असंही वर विचारी.

गेल्या नोव्हेंबरात ती मागच्या दारच्या शेवाळलेल्या चिऱ्यावरून घसरली आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं, पण मुठीत जोर उरला नव्हता. एकदा मी न सांगता गेले, तर ती शेजारणीची सॉसची बाटली पोटाशी धरून झाकणाशी झटत होती. मला पाहताच बाटली ओढणीखाली गेली.

त्या दिवसापासून गल्लीतल्या बाटल्या मी गोळा करू लागले. घरी आणून झाकण गरम पाण्यात धरायचं, चमच्याच्या टोकाने कड उचकटायची आणि मग हफीजाकडे न्यायचं. जानेवारी संपेपर्यंत तिने अशा सतरा बाटल्या उघडल्या. रोजनिशीत तारखेनिशी नोंद आहे. तिचा चेहरा खुलला, आणि फिजिओथेरपिस्ट वैदेहीने दिलेला रबरी चेंडू दाबणं तिने सोडून दिलं.

वैदेहीकडे यंत्रं तीन. एक मुठीत आवळायचं, ते जोर किलोत सांगतं. दुसरे हाताला चिकटवायचे सेन्सर. कुठला स्नायू किती राबतोय त्याची रेघ पडद्यावर उमटते. तिसरी सोनोग्राफी; मूठ वळताना आतला स्नायू कसा फुगतो, ते तिच्यात दिसतं. डिसेंबरात हफीजाचा जोर सहा किलो भरला होता. तीस जानेवारीला साडेसहा. कोपराखालची रेघ मरगळलेली, खांद्याची मात्र उड्या मारत होती.

"आजी, तुम्ही खांद्याने ढकलताय," वैदेही म्हणाली.

हफीजाने यंत्र बिघडल्याचं जाहीर केलं. आपण रोज बाटल्या उघडतो, ही लीला साक्षीला आहे, म्हणत तिने माझ्याकडे बोट दाखवलं. चेंडूही रोज दाबतो, असं तिने ठोकून दिलं. वैदेही चक्रावली. इतकं करूनही स्नायू भरत नाही म्हणजे नस दबली असेल, कोल्हापूरला दाखवू, कदाचित ऑपरेशन लागेल, असं म्हणत ती चिठ्ठी लिहायला बसली. तेव्हा मला तोंड उघडावंच लागलं.

"झाकणं मी सैल करून आणत होते."

वैदेहीने पेन खाली ठेवलं आणि चेंडूचं काय, असं विचारलं. हफीजा छताच्या पंख्याकडे बघत राहिली. एप्रिलपर्यंत मुदत मिळाली; तोवर मूठ सुधारली नाही तर कोल्हापूर.

रिक्षातून थेट माझ्या घरी येऊन हफीजाने टेबलावरची लिंबाच्या लोणच्याची बरणी उचलली आणि धडधाकट डाव्या हाताने झाकण असं आवळलं की ते कुरकुरलं. मग नातीचं नेलपॉलिश आणून झाकणापासून काचेपर्यंत लाल रेघ ओढली. कोणी झाकण हलवलं तर कळावं म्हणून.

"हे मी उघडणार. तोवर तू लोणच्याशिवाय जेव गो."

रोज अकराला ती यायची, चेंडू दाबायची, मी मोजायचे. साठाला ती शंभर म्हणायची. मी साठच लिहायचे. शेवटी बरणीला एकदा हात लावून जायची. फेब्रुवारीत माझा मुलगा सलिल पुण्याहून आला. दोन दिवस तो त्या बरणीशी झुंजला आणि मग आपल्याला लिंबाचं लोणचं फारसं आवडत नाही, असं म्हणाला.

अठरा एप्रिलला हफीजाने सोळा किलो दाबले. सोनोग्राफीत स्नायू छान फुगला, खांद्याची रेघ आडवी पडून राहिली. सेन्सर काढायच्या आत हफीजाने पिशवीतून माझी बरणी काढली. पडद्यावर कोपराखालची रेघ सळसळत वर गेली, लाल रेघ मधोमध तुटली, आणि खोलीभर लोणच्याचा वास सुटला.

वैदेही टाळ्या वाजवत होती तोवर हफीजाने झाकण पुन्हा लावून बरणी माझ्यापुढे धरली.

"आता तू."

माझ्याने उघडली नाही. वैदेहीने माझीही मूठ मोजली: अकरा किलो. त्यामुळे आता चेंडू माझ्याकडे असतो आणि मोजायला हफीजा. काल तिने मुरंब्याची बाटली आणली, ती माझ्या हातून पहिल्याच फिरवण्यात उघडली. झाकणावर लाल रेघ नव्हती. रोजनिशीत मी ती नोंदवली आहे, पुढे प्रश्नचिन्ह घालून.